कबरींच्या रविवारी उमटलेली ओळ

१

फादर मलन यांचा हात हवेतच थांबला, तेव्हा मला वाटलं, त्यांच्या खांद्यात पुन्हा उसण भरली.

कबरींचा रविवार होता. दर जूनमध्ये त्या दिवशी कार्नलेकचे आम्ही सगळे कॅथलिक टेकडीवरच्या दफनभूमीत जमतो. आपापल्या माणसांच्या कबरी आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवलेल्या असतात. ज्याची कबर मळकट, त्याच्या घराण्याची वर्षभर चर्चा. फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. मधल्या वाटेच्या एका बाजूला आम्ही पुरलेले, दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंट, कारण मेल्यावरसुद्धा भलता शेजार नको असतो. फादर मात्र मधल्या वाटेवरून जाताना हात जरा लांब फेकतात आणि चार थेंब पलीकडे पडू देतात. पलीकडच्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

त्या दिवशी पलीकडच्या पहिल्याच कबरीपाशी डेक्लन ओहेअर उभा होता. कबर आयव्हन ट्वीडची. आयव्हन आमच्या गावचा गुरांचा डॉक्टर. गेल्या जुलैत गेला. दफन मीच केलं. अंत्यविधीची व्यवस्था करणं हा माझा व्यवसाय आहे, आणि नवरा वारल्यापासून तो मी एकटीने चालवते. आयव्हन आणि डेक्लन यांनी कायदा झाल्याबरोबर लग्न केलं, तेव्हा आधी कशाला नाक मुरडावं हेच गावाला कळेना. दोघे पुरुष आहेत याला, की एक प्रॉटेस्टंट आणि एक कॅथलिक आहे याला?

आयव्हनचा दगड काळ्या पाटीचा. वर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा, मग एका ओळीची कोरी पट्टी, त्याखाली ‘ऑलिव्हचा भाऊ’, आणि तळाशी थोडी मोकळी जागा. दगड बसवल्यापासून तो असाच होता.

आता मधली पट्टी कोरी नव्हती. तिथे स्वच्छ, सुरेख अक्षरांत कोरलेलं होतं : ‘डेक्लनचा प्रिय पती’.

नेमकी हीच ओळ कोरायला हर्बी गॉल्ट या पाथरवटाने नकार दिला होता. याच ओळीसाठी डेक्लनने त्याला बेलफास्टच्या कोर्टात खेचलं होतं, आणि सुनावणी चार दिवसांवर आली होती.

डेक्लन गुडघ्यांवर बसला आणि अक्षरांवरून बोट फिरवू लागला.

“मिसेस मगर्क,” तो मला म्हणाला, “हे कोणी केलं?”

माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर ताजे ओरखडे होते.

२

सोमवारी सकाळी नगरपालिकेचे पॉलॉक माझ्या दारात हजर. दफनभूमी त्यांच्या अखत्यारीत येते. हा माणूस हवेलासुद्धा परवाना विचारील.

“परवानगीशिवाय कबरीच्या दगडावर कोरणं म्हणजे विद्रूपीकरण,” ते म्हणाले. “बुधवारी सकाळी मशीन लावून ती ओळ घासून टाकणार. त्याआधी अधिकार असलेल्या माणसाने पुढे येऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. आणि कोरणाऱ्याचं नाव मिळालं की पोलीस.”

“मला का सांगताय?”

“ओहेअर म्हणाला, तुम्ही शोधून काढाल. दोन्हीकडचे लोक तुमच्याशी बोलतात म्हणून.”

ते खरं होतं. मढं घरात पडलं की धर्म कोणी विचारत नाही, आधी मला फोन करतात.

मी बंदरावर गेले. डेक्लनची तळलेल्या माशांची आणि चिप्सची गाडी तिथे उभी असते. तो बटाटे सोलत होता, आणि कोणीतरी मागे लागल्यासारखा सोलत होता.

“आधी हात दाखव,” मी म्हटलं.

“गुलाबाचे काटे आहेत, मिसेस मगर्क. ऑलिव्हने दगडाला लागून झुडूप लावलंय ना. शनिवारी संध्याकाळी मी दगड घासायला गेलो होतो. तो आमच्यातला नसला तरी मी आहे. त्याचा पहिलाच कबरींचा रविवार, आणि दगडावर पाखरांची घाण? आजीची रीत वापरली. गरम पाणी, ब्रश, आणि मग गाडीतला अख्खा कॅन ओतून दिला. इतका फेस आला की विचारू नका. म्हटलं, ऑलिव्ह वर्षभर काय करत होती? मग पाऊस सुरू झाला, तसा तो फेस तिथेच सोडून पळालो.”

“तेव्हा ओळ होती?”

“अंधारून आलं होतं, फेसात काही दिसत नव्हतं. पण कोरी पट्टी मला पाठ आहे. वर्षभर तिच्याकडेच बघतोय ना मी.”

“मग कोरणाऱ्याला एक रात्र आणि अर्धा दिवस मिळाला. लोक म्हणतात, तूच कोणाला तरी आणलंस.”

“मला चोरून कोरलेली ओळ हवी असती, तर कोर्टात कशाला गेलो असतो?” त्याने सुरी खाली ठेवली. “लाज वाटते सांगायला, पण काल ती ओळ पाहिली आणि कोणी कोरली याची मला पर्वाच राहिली नाही. ती आहे, एवढंच. आता बुधवारी घासून काढली तर मला पुन्हा विधुर झाल्यासारखं होईल. त्यांना थांबवा.”

मी हो म्हणून बसले. कसं थांबवायचं याचा पत्ता नव्हता. तिथून थेट टेकडीवर गेले आणि दगडापुढच्या गवतात वाकून पाहिलं. पाटीचा दगड कोरला की कपच्या उडतात, धूळ पसरते. गवतात एकही कपची नव्हती. गुलाबाचं झुडूप दगडाला खेटून जसंच्या तसं उभं होतं, एकही फांदी मोडलेली नव्हती. फक्त दगडाकडची खालची पानं करपली होती.

त्या झुडपाला हात न लावता तिथे बसून कोरायचं, तर माणसाला हवेत तरंगावं लागलं असतं.

३

ऑलिव्ह ट्वीडने मला चहा दिला, पण बस म्हटलं नाही. ती आयव्हनची मोठी बहीण, निवृत्त शिक्षिका. कबरीची जागा तिच्या नावावर आहे.

“मी कोणाला परवानगी दिलेली नाही,” ती म्हणाली. “ती पट्टी माझ्यासाठी होती. मी गेले की माझं नाव तिथे येणार होतं.”

“हर्बी तसं म्हणाला?”

“त्याने कशाला म्हणायला हवं? कोरी जागा म्हणजे पुढच्याची. तुम्ही या धंद्यात आहात, तुम्हाला ठाऊक नाही?”

“पुढच्याची जागा तळाशी ठेवतात, मिस ट्वीड. ती तळाशी आहेच. मग मध्ये आणखी एक कशाला?”

ती खिडकीबाहेर पाहू लागली. मग आवाज जरा उतरला.

“दगड आयव्हननेच पसंत केला होता. आजारी होता तरी हर्बीच्या यार्डात स्वतः गेला, मला गाडीतच बसवलं. बाहेर आला तो शीळ घालत. मरायला टेकलेला माणूस, आणि शीळ घालतोय. मला इतका राग आला त्याचा.” तिने डोळे टिपले. “दगड बसवल्यावर मी दर आठवड्याला जायची. पाऊस थांबला की बाकी दगड लगेच वाळायचा, तेवढी पट्टी मात्र कितीतरी वेळ ओली राहायची. वेडेपणा आहे, पण मला वाटायचं, तो रडतोय.”

“दगड कधी घासलात?”

“घासू? दगड?” ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी आयव्हनला बाहेर काढून आंघोळ घालायला सांगतेय. “आम्ही ते असलं काही करत नाही, मिसेस मगर्क. पाऊस आहे की.”

निघताना मी विचारलं, “ही ओळ राहिली तर तुम्हाला चालेल?”

“माझा भाऊ मला प्रिय होता,” ती म्हणाली. “लोकांनी त्याच्या दगडापुढे थांबून कुजबुजावं, हे मला सहन होत नाही. काढा ती.”

दार लावता लावता ती पुन्हा म्हणाली, “अक्षर मात्र हर्बीचंच आहे. मी मुलांच्या वह्या तपासण्यात जन्म घालवलाय. हाताचं वळण मी ओळखते.”

४

हर्बी गॉल्टच्या हाताचं वळण गावात आणखी एकाच व्यक्तीला जमतं, ती म्हणजे त्याची मुलगी लॉर्ना. बापाकडेच शिकली. त्याने डेक्लनला नकार दिला त्याच दिवशी तिने यार्ड सोडलं, आणि आता ती बंदरावर होड्यांची नावं रंगवते.

हर्बीला शनिवार-रविवारी काय केलंस हे विचारण्यात अर्थच नव्हता. शनिवारी संध्याकाळी तो त्याच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या गॉस्पेल हॉलमध्ये प्रार्थनेला होता, सगळा हॉल साक्षीला. आणि रविवारी? हर्बी रविवारी बुटाला पॉलिशसुद्धा करत नाही. प्रभूच्या दिवशी त्याने हातोडी उचलली असं कोणी सांगितलं, तर त्याचे शत्रूही हसतील.

मी यार्डात शिरले तेव्हा तो एका संगमरवरी कोकरावर काम करत होता. त्याने मान वर केली नाही.

“सगळी अक्षरं दिसतायत का?” त्याने विचारलं.

“दिसतायत. तू गेला नाहीस बघायला?”

“नाही.”

“तुझ्याच हातचं आहे म्हणतात.”

“माझ्यासारखं असेल.”

मी एका कोऱ्या दगडावर बसले. माझ्या धंद्यात आणि त्याच्या धंद्यात चाळीस वर्षं गेली. माझ्या माणसांचे दगड त्याने कोरलेत, त्याच्या बायकोची शवपेटी मी आणली. आम्हाला आडपडदा ठेवायची सवय नाही.

“हर्बी, एवढा एक शब्द होता. काय बिघडलं असतं?”

“मी कोणाला दगड नाकारला, डिम्पना? आयव्हनचं नाव कोरलं. उद्या डेक्लन आईसाठी आला तर तिचंही कोरीन. पण जे माझ्या देवापुढे लग्न नाही, ते लग्न आहे असं माझ्या हाताने दगडात लिहायचं? जिभेवरचा शब्द विरून जातो. दगडातला माझ्यामागे राहतो. हात माझा आहे.”

“पाटी लावून दुकान उघडलंस की हात तुझ्या एकट्याचा राहत नाही. बाई आली आणि ‘पती’ कोर म्हणाली, तर तिच्याकडे लग्नाचा दाखला मागतोस?”

“नाही.”

“मग डेक्लनकडे देवाचा दाखला का?”

त्याची छिन्नी थांबली. “ते गुरुवारी जज ठरवतील,” तो म्हणाला.

तो नेहमी भांडतो. बायबलातलं एक वचन मी म्हणावं, तर तो तीन म्हणतो. आज भांडत नव्हता, म्हणून मी जास्तच अस्वस्थ झाले. उठता उठता मी म्हटलं, “पॉलॉकना वाटणार, लॉर्नाने कोरली. तुम्हा दोघांनाच हे अक्षर येतं, आणि तू हॉलमध्ये होतास.”

हर्बीच्या हातातून छिन्नी खाली पडली. इतक्या वर्षांत त्याच्या हातून काही पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

५

मंगळवारी दुपारी लॉर्नाने नगरपालिकेत जाऊन गुन्हा कबूल केला.

पॉलॉकनी मला बोलावलं. ती खुर्चीत ताठ बसली होती, नखांत निळा रंग, हनुवटी बापासारखी पुढे काढलेली.

“शनिवारी रात्री कोरली,” ती म्हणाली. “बॅटरी लावून. बाबांनी नाकारली, मी कोरली. डेक्लनचा काही संबंध नाही. लिहून घ्या.”

“कपच्या कुठे गेल्या?” मी विचारलं.

“चादर अंथरली होती.”

“आणि गुलाब? ऑलिव्ह रडतेय बिचारी. किती फांद्या मोडल्यास?”

“दोन-तीन मोडल्या असतील,” लॉर्ना म्हणाली. “मिस ट्वीडना सांगा, मला वाईट वाटतं.”

मी पॉलॉककडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. ते सही घेण्यात गुंतले होते.

बाहेर जिन्यात मी तिला गाठलं. “त्या झुडपाची एकही फांदी मोडलेली नाही, बाळा. खोटं कशाला बोललीस?”

ती भिंतीला टेकली. “खरं सांगू? मीच कोरायला हवी होती. वर्षभर मला तेच वाटतंय. हिंमत झाली नाही, म्हणून नुसतं यार्ड सोडलं आणि होड्या रंगवत बसले. निदान आळ तरी घेते. नाहीतर ते डेक्लनला धरतील.”

“आता ते तुला धरतील. आणि परवानगी नसलेली व्यक्ती पुढे आली, म्हणजे ओळ जाणारच.”

तिचा चेहरा पडला. एवढा पुढचा विचार तिने केलाच नव्हता. तेवढ्यात पॉलॉक दारातून डोकावले.

“उद्या दहा वाजता मशीन येतंय,” ते म्हणाले.

६

संध्याकाळी मी डेक्लनच्या गाडीपाशी उभी होते, आणि मला काही सुचत नव्हतं. कोणीही कोरली नसेल, तर ओळ आली कुठून? फादर मलन चमत्काराची शक्यता तपासायला तयार झाले असते. मढं शांत झोपल्यासारखं दाखवायचा चमत्कार मी रोज करते आणि बिलात लावते, त्यामुळे माझा त्यावर विश्वास कमी.

डेक्लनने चिप्सचा पुडा पुढे केला आणि वरून सढळ हाताने व्हिनेगर मारलं. अर्धं माझ्या बाहीवर, अर्धं मागच्या भिंतीवर.

“जपून रे.”

“चुकलो. शनिवारी अख्खा कॅन संपवला, आता ही नवी बाटली फार जोरात उडते.”

“कसला कॅन?”

“व्हिनेगरचा. दगडावर ओतला तो. आजी व्हिनेगरनेच घासायची.”

बंदराची ती भिंत दर वसंतात चुन्याने रंगवतात. व्हिनेगर जिथे उडालं होतं, तिथे भिंत फसफसत होती. पांढरे बुडबुडे येत होते, आणि त्याखालून जुना काळा दगड डोकावत होता.

मी पुडा तसाच खाली ठेवला.

करपलेली पानं. पट्टी उशिरा वाळते, कारण तिथे दगड नाही, पाणी धरून ठेवणारं काहीतरी आहे. शीळ घालत बाहेर आलेला आयव्हन. आणि हर्बी. ओळ कोरली गेली असं ऐकल्यावर माणूस विचारतो, कोणी कोरली? हर्बीने ते विचारलंच नाही. त्याने विचारलं, सगळी अक्षरं दिसतायत का?

“डेक्लन,” मी म्हटलं, “ती बाटली मला दे.”

७

बुधवारी सकाळी टेकडीवर वारा इतका होता की पॉलॉकचे कागद उडत होते. मशीनवाला माणूस आला होता. डेक्लन दगडाच्या एका बाजूला उभा, ऑलिव्ह दुसऱ्या बाजूला, लॉर्ना दूर भिंतीपाशी. सगळ्यात शेवटी हर्बी वर चढून आला. त्याने रविवारचा काळा कोट घातला होता. कामाच्या दिवशी हर्बी त्या कोटात दिसला, म्हणजे कोणीतरी मेलेलं असतं.

“अधिकार असलेलं कोणी बोलणार आहे?” पॉलॉकनी विचारलं.

“मी बोलते,” मी म्हटलं. “ही ओळ शनिवारी कोणी कोरली नाही. रविवारीही नाही. ही ओळ दगड बसवला तेव्हापासून इथेच आहे.”

“मी स्वतः कोरी पट्टी पाहिली आहे,” ऑलिव्ह म्हणाली.

“तुम्ही लुकण पाहिलंत, मिस ट्वीड. चुना, पाटीची भुकटी आणि काजळी. अक्षरं भरली आणि वरून पट्टीभर पातळ हात फिरवला. उत्तम कारागिराने केलं की कोणाला कळत नाही. फक्त ते पाऊस पिऊन बसतं आणि उशिरा वाळतं. ओळीतलं शेवटचं अक्षर बघा, त्याचा तळ अजून भरलेला आहे.”

मी बाटली उघडली आणि त्या अक्षरावर व्हिनेगर ओतलं. पांढरा फेस आला, ओघळला, आणि अक्षर तळापर्यंत उघडं झालं. पॉलॉक वाकून बघत राहिले.

“डेक्लनने शनिवारी अख्खा कॅन ओतला, आणि रात्रभराच्या पावसाने बाकीचं धुऊन नेलं. गुलाबाची पानंही त्यानेच करपली. लॉर्नाने काही कोरलं नाही, ती खोटं बोलली. ओळ आयव्हनने सांगितली आणि हर्बीने कोरली. मग त्यानेच भरली.”

हर्बीने टोपी काढून हातात घेतली.

“सांगायलाच आलो होतो,” तो म्हणाला. “आयव्हन यार्डात आला. म्हणाला, तुझ्याच हातचं अक्षर हवं, आणि डेक्लनला आत्ता सांगू नकोस, तो रडेल. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत मी त्याला धरून उभा होतो. काही वजनच उरलं नव्हतं. माझ्या गोठ्यातून वासरू खांद्यावर टाकून नेताना मी त्या माणसाला पाहिलंय. मग माझं तोंड मिटलं ते मिटलंच. कोरली. आणि माझी झोप गेली.”

“मग भरलीस,” डेक्लन म्हणाला.

“तो गेला त्या आठवड्यात हॉलमधली वडीलधारी मंडळी आली. म्हणाली, तो दुसरा येईल, तो शब्द मागेल, तू डगमगू नकोस. मी हो म्हटलं. माझी श्रद्धा खोटी नाही, डेक्लन. ती आजही तीच आहे. मी त्याच संध्याकाळी ओळ भरली, आणि दोन दिवसांनी तू आलास.”

“तेव्हा तोंडावर सांगायचंस, की आयव्हनने ती आधीच मागितली होती.” डेक्लनचा आवाज फाटला. “वर्षभर मला वाटत होतं की त्याला सुचलंच नाही. त्याला लाज वाटली असेल, असंही वाटून गेलं.”

हर्बीला हे लागलं. तो दगडाकडे बघत राहिला. आणि मला त्याचा राग आला, खरा राग, कारण कोर्टातली सगळी भांडणं एकीकडे आणि हे एकीकडे.

“एक सांग, हर्बी,” मी म्हटलं. “तुला ओळ नको होती, तर घासून का टाकली नाहीस? तासाभराचं काम. आणि भरायचीच होती, तर तुझ्या शेडमध्ये डब्यातलं लुकण आहे, दगडाइतकं घट्ट होतं, व्हिनेगरच्या बापाला दाद देत नाही. चुना कशाला वापरलास?”

“डब्यातलं कायमचं असतं.”

“मग?”

“मग मला कायमचं नको होतं,” तो हळू म्हणाला. “आमच्यात दगड कोणी घासत नाही. माझा अंदाज होता, मी जाईपर्यंत चुना टिकेल. नंतर आयव्हन, डेक्लन आणि देव काय ते बघून घेतील. तुम्ही लोक दगडालासुद्धा न्हाऊ घालता, हे माझ्या डोक्यात कुठून येणार?”

लॉर्ना भिंतीपासून पुढे आली होती. तिने बापाच्या कोपराला धरलं. पॉलॉकनी घसा साफ केला.

“म्हणजे ओळ मुळापासूनची आहे. पण जागेच्या मालकाची हरकत असेल तर—”

सगळ्यांनी ऑलिव्हकडे पाहिलं. ती बराच वेळ दगड वाचत राहिली, वह्या तपासल्यासारखी.

“म्हणून शीळ घालत होता,” ती म्हणाली. “त्याने स्वतः कोरून घेतलीय, मिस्टर पॉलॉक. मी कोण खोडणारी? तुमचं मशीन घेऊन जा.”

मशीनवाला खाली उतरला. त्याच्यामागे पॉलॉकही गेले, कुठल्या कागदावर काय लिहायचं ते पुटपुटत.

“गुरुवारचं काय?” लॉर्नाने विचारलं.

“मी खटला मागे घेणार नाही,” डेक्लन म्हणाला. “माझी ओळ मला मिळाली. उद्या दुसरा कोणी येईल, आणि त्याचा माणूस आधी सांगून ठेवायला विसरलेला असेल.”

“मीही हटणार नाही,” हर्बी म्हणाला. “हा शब्द कोरायची माझ्यावर सक्ती करू नका, हेच सांगणार. आणि एकदा स्वतःच कोरला होता, हेही सांगणार. वकील कपाळावर हात मारून घेईल. हॉलमध्ये काय होईल, ते मला दिसतंय.”

“कोट जाड घाल. त्या कोर्टात गारठा असतो,” डेक्लन म्हणाला.

“तू पण.”

हर्बी निघाला, चार पावलं गेला आणि परत वळला. टोपी अजून हातातच होती.

“तळाची जागा,” तो म्हणाला. “ती आयव्हननेच ठेवायला सांगितली. तुझ्यासाठी, डेक्लन. दोघांचं अक्षर एकाच हाताचं हवं म्हणाला.”

डेक्लनने आधी ऑलिव्हकडे पाहिलं; तिने मान डोलावली, तेव्हा त्याने दगडाच्या तळाकडे पाहिलं. “आणि तू काय म्हणालास?”

“तेव्हा काही बोललो नाही.” हर्बी विचारात पडला. “तिथे नुसतं नाव हवंय?”

“नुसतं नाव.”

“नाव मी आजवर कोणाचं नाकारलं नाही.”

“मला घाई नाही, हर्बी.”

“मला आहे. सत्तरी आली माझी. नाव आधी कोरून ठेवता येतं, तारीख लॉर्ना घालील.”

डेक्लन हसला. आयव्हन गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं, आणि हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले, ते त्याने पुसलेही नाहीत. हर्बी गुलाबाची फांदी हाताने बाजूला धरून गुडघ्यांवर बसला, रविवारच्या कोटासकट. खिशातून त्याने खडू काढला आणि ‘ऑलिव्हचा भाऊ’च्या खाली एक सरळ, हलकी रेघ मारली.

“इथे येईल,” तो म्हणाला.